फारोची कबुतरं

आमच्या घरात एक फारो राहतो. हे नाव माझ्या लेकीने ठेवलंय, मी नाही. सुनेने ठेवलं असतं तर महाभारत झालं असतं. नातीने ठेवलं, म्हणून आजोबा स्वतःच कौतुकाने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटतात.

शारजात अल नहदाला अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. बाल्कनी पूर्वेला, पण समोर दुसरा टॉवर आडवा उभा. त्यामुळे सूर्य उगवला तरी आमच्याकडे येत नाही. तो त्या टॉवरच्या कडेवरून डोकं काढेपर्यंत शाळेच्या बसेस निघून गेलेल्या असतात. तोवर बाबा, म्हणजे माझे सासरे, गंजीफ्रॉक आणि पायजम्यात तांब्या धरून उभे. जानेवारीत ठीक आहे हो. ऑगस्टमध्ये सकाळी आठलासुद्धा इथे बाल्कनीच्या काचेला हात लावला तर चटका बसतो. सगळा मुलूख पडदे ओढून, एसी लावून सूर्याला तोंड चुकवत बसलेला असतो, आणि हा एक माणूस त्याची वाट बघतो. अर्घ्याचं पाणी थेट खाली सोडलं तर दहाव्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, म्हणून ते कोरफडीच्या कुंडीत. त्या कोरफडीइतकी पुण्यवान कोरफड अमिरातीत दुसरी नसेल.

बाबा पुण्यात शाळेत इतिहास शिकवायचे. नोकरी संपली तरी शिकवणं संपलेलं नाही. जेवताना ताटात आमटी वाढेपर्यंत एखादं साम्राज्य उभं राहतं आणि ताक येईपर्यंत कोसळतं. नवरा मान खाली घालून जेवतो. त्याला ही सगळी साम्राज्यं लहानपणापासून पाठ आहेत.

दोन वर्षांपूर्वी आई गेल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं देवघर म्हणजे भरलेलं गोकुळ होतं. कुलदैवतांचे चांदीचे टाक, बाळकृष्ण, शाळीग्राम, शंख, कुठल्या कुठल्या यात्रेहून आणलेल्या देवी, आणि पुढ्यात तांदळाच्या वाटीत बसलेली पितळेची अन्नपूर्णा, हातात पळी घेतलेली. ती त्यांच्या माहेरची. आमच्याकडे लग्नात आई मुलीला अन्नपूर्णा देते, मुलगी ती सासरी घेऊन येते. माझं लग्न रजिस्टर पद्धतीने झालं, त्यामुळे माझी यायची राहूनच गेली. आईंना त्याचं माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "माझी अन्नपूर्णा तू सांभाळ. लेकीचं लग्न झालं की तिला दे. आणि देवीला तांदळाविना ठेवू नकोस." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द, तो काय पाळायचा नसतो का?

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले ते एक स्टीलचा डबा घेऊन. अख्खं देवघर लाल फडक्यांत गुंडाळून त्या डब्यात भरलेलं होतं. मला वाटलं, आता इथे मांडतील. आमच्या हॉलमध्ये माझी छोटी फळी होती, त्यावर गणपती, एक तसबीर, निरांजन. जागा करायला म्हणून मी फळी पुसूनसुद्धा ठेवली. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, हेही काढून ठेव. देव एक पुरे. तो रोज येतो, त्याला आणावा लागत नाही, पुसावा लागत नाही.

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. मागाहून म्हणाला, काही दिवस जाऊ दे, त्यांचं मन ताळ्यावर नाही. मलाही ते पटलं. म्हटलं, तेरड्याचा रंग तीन दिवस. पण हा तेरडा काही उतरेना. घरचा गणपती बंद. नवरात्राचा घट बंद. संकष्टीला बाबा मुद्दाम दुपारी गरम पोळी मागून घ्यायचे.

लेकीच्या शाळेत तेव्हा इजिप्त चालू होतं. एक दिवस जेवताना तिने पुस्तकातला एक राजा सांगितला, आणि सांगता सांगता थांबून आजोबांकडे बघत म्हणाली, "आजोबा, धिस इज लिटरली यू."

बाबा एवढे खूश झाले की आमटी गार झाली. मग त्यांनी तो राजा आम्हाला नीट सांगितला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या मागून आलेल्यांनीच ते दगडांवरून खरवडून काढलं होतं. तीन हजारांहून जास्त वर्षं झाली. इजिप्तमध्ये तेव्हा देवांना तोटा नव्हता. या राजाने ठरवलं, देव एकच, सूर्याची तबकडी. जुन्या मोठ्या देवाचं नाव भिंतींवरून छिन्नीने उडवलं, देवळांच्या पूजा बंद पाडल्या, राजधानी सोडली आणि वाळवंटात कोरं करकरीत नवं शहर वसवलं. तिथली देवळं बिनछपराची, कारण आत यायचा तो सूर्यच. चित्रांमध्ये सूर्याचे किरण खाली येतात आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एक छोटा हात. शेजारच्या एका राजाने म्हणे तक्रार केली होती, की माझ्या वकिलांना तुझ्याकडे उन्हात ताटकळत उभं करतात, ती माणसं मरतील अशाने.

मी म्हटलं, बरं झालं तो राजा इथे नव्हता, उन्हाळ्यात दुपारी बाहेर काम करायला सरकारने बंदी घातलीय. बाबा हसले नाहीत. त्यांना तो राजा मनापासून आवडला होता.

त्याच्या सुधारणांचे परिणाम काय झाले ते त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. आमच्याकडचे मी सांगते. मी घरून फराळ आणि मोदकांच्या ऑर्डरी घेते. त्या वर्षी गणेशचतुर्थीला मी शारजा-दुबईतल्या कितीतरी घरांसाठी उकडीचे मोदक वळले आणि माझ्याच घरात नैवेद्याला गणपती नव्हता. आधी दहा दिवस आमच्याकडे आरतीला माणसं यायची, चपलांनी कॉरिडॉर भरायचा, पलीकडच्या दारातलं इजिप्शियन कुटुंबसुद्धा डोकावून मोदक घेऊन जायचं. ते सगळं थांबलं. उरलेले दोन मोदक मी उभ्या उभ्या ओट्याशी खाल्ले आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, रागच जास्त आला होता.

पण एक गोष्ट मी आधीच करून ठेवली होती. बाबा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ते खाली फिरायला गेले तेव्हा, मी तो स्टीलचा डबा उघडला, अन्नपूर्णेची पुरचुंडी सोडली, तिला बाहेर काढलं आणि रिकामं फडकं होतं तसं गुंडाळून परत ठेवलं. आपल्याकडे प्रत्येक घरात बिस्किटांचा एक निळा गोल पत्र्याचा डबा असतो, ज्यात बिस्किटं कधीच नसतात. तो घेतला. त्यात पितळेची वाटी, वाटीत तांदूळ, तांदळात अन्नपूर्णा. डाळींच्या बरण्यांमागे डबा सरकवला आणि वर हात जोडले. तांदूळ घातला तो इथलाच बासमती. आंबेमोहोर पुण्याहून बॅगेतून येतो, तो आम्ही रविवारी आणि पाहुण्यांना काढतो. देवीला चालतं सगळं, अशी मी माझी समजूत घातली. तांदूळ दर आठवड्याला बदलायचा असतो. मी दोन-तीनदा बदललाही. मग सणांच्या ऑर्डरी सुरू झाल्या, बाबा सारखे घरात, डबा उघडायचा धीर होईना. येता-जाता बरण्यांकडे बघून मनातल्या मनात नमस्कार करायचे, झालं.

पलीकडच्या इजिप्शियन घरात पुढच्या वर्षी हिवाळ्यात तिथल्या बाईचे वडील राहायला आले. तेही निवृत्त मास्तर, भूगोलाचे. दोन मास्तर एकत्र आले की काय होतं ते विचारू नका. दोघांचं इंग्रजी फळ्यावर लिहिल्यासारखं, सावकाश आणि खणखणीत. संध्याकाळी पार्कला दोन फेऱ्या, मग आमच्याकडे चहा. ते बाबांना उस्ताद म्हणायचे, बाबा त्यांना सर. त्यांना माझी चकली फार आवडायची. चावताना आवाज झाला की हसायचे.

एका संध्याकाळी बाबांनी त्यांच्यापुढे त्यांचाच राजा मांडला. केवढं धाडस, केवढी दृष्टी, एका माणसाने एवढ्या देवांना घरी पाठवलं. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते, सगळं ऐकू येत होतं. त्या आजोबांनी शांतपणे चकली संपवली. मग म्हणाले, त्यांचं गाव त्या शहराच्या अवशेषांपासून फार लांब नाही. राजा गेला आणि शहर ओस पडलं. त्याच्या मुलाने, ज्याचा सोन्याचा मुखवटा सगळ्या जगाला ठाऊक आहे, जुने देव परत आणले आणि स्वतःचं नावसुद्धा बदललं. सूर्याच्या देवळांचे दगड पुढे दुसऱ्या इमारतींच्या भरावात गेले. बाबा म्हणाले, हे मी पोरांना शिकवलंय. तेव्हा ते आजोबा म्हणाले, पण तुमच्या पुस्तकात एक गोष्ट नसेल. त्याच शहरात, राजाच्या नाकाखाली, राबणाऱ्या माणसांची घरं खणली तेव्हा त्यांत छोटे छोटे देव सापडले. बाळ-बाळंतिणीला राखणारा एक ठेंगणा देव, आणि एक पाणघोड्याच्या रूपातली देवी. राजाने मोठी देवळं बंद केली. घरातल्या बायकांनी कोपऱ्यातला देव काही बंद केला नाही.

माझा हात पिठातच थांबला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मला वाटलं, आता दोघंही उठून डाळींच्या बरण्यांकडे येतात.

 बाहेर बाबांनी विचारलं, "आणि राजाला ते माहीत होतं का?"

त्या आजोबांनी वर बोट दाखवलं आणि म्हणाले, ते अल्लालाच माहीत. मग त्यांनी आणखी एक चकली मागितली.

त्या हिवाळ्यात आणखी एक भानगड सुरू होती, कबुतरांची. दर शनिवारी सकाळी आमच्या बाल्कनीत कबुतरांची जत्रा. आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, वर येऊन हिंदीत बजावून जायचा की मॅडम, दाना मत डालो, बलदियावाले आएँगे तो सबका खलास. बलदिया म्हणजे इथली महापालिका. मी म्हणायचे, आम्ही नाही टाकत. एकदा मी स्वतः पाहिलं, बाबा अर्घ्य देताना कठड्यावर मूठभर तांदूळ ठेवत होते. मी विचारलं तर म्हणाले, अक्षता आहेत. सूर्याला अक्षता कधीपासून, असं ओठांवर आलं होतं, पण म्हटलं, जाऊ दे, एवढा तरी विधी शिल्लक आहे. आंबेमोहोराची बरणी भराभर उतरत होती, त्याचाही राग मी रविवारच्या जेवणाऱ्यांवर काढला.

मग आईंचं श्राद्ध जवळ आलं. त्यासाठी बाबा पुण्याला जाणार होते. जायच्या आठवडाभर आधी त्यांनी जेवताना जाहीर केलं, की स्टीलचा डबा मी बरोबर नेतोय. टाक देवळात देईन. पितळेचं जे काय आहे ते वितळवून देवळाला एक घंटा करून देतो हिच्या नावाने. इतके देव नुसते गप्प बसलेत, त्यापेक्षा एक घंटा बरी, वाजेल तरी.

लेक म्हणाली, "नॉट आजीज् गॉड्स!" आणि ताटावरून उठून गेली. नवरा पहिल्यांदाच म्हणाला, बाबा, विचार करा. बाबा म्हणाले, केलाय.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. डबा उघडला की रिकामं फडकं सापडणार. सापडलं की विचारणार. खोटं बोलावं तर बाबांशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते, खरं बोलावं तर ती घंटेत जाणार आणि आईंना दिलेला शब्द पितळेबरोबर वितळणार. एकदा वाटलं, पलीकडच्या घरी नेऊन ठेवावी. पण तिथेही मास्तरच.

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी डायनिंग टेबलवर चादर पसरली, शेजारी बॅग उघडून ठेवली आणि डबा आणला. नवरा अजून दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता, लेक तिच्या खोलीत. मी उगाच टेबल पुसत राहिले. बाबा एकेक पुरचुंडी सोडून बघत होते, पुन्हा बांधून बाजूला ठेवत होते. टाक झाले, बाळकृष्ण झाला, शंख झाला. मग ते फडकं हातात आलं. त्यांनी ते सोडलं नाही. नुसतं तळहातावर ठेवून राहिले.

"बाबा, ती माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "मी देणार नाही. आईंना शब्द दिलाय."

"राजाला माहीत होतं गं," ते म्हणाले. "पण तिच्याखाली बासमती घालतात का? हिने आंबेमोहोराशिवाय तिला कधी बसवलं नाही. आणि दर शुक्रवारी बदलायची. तू विसरतेस."

मी पुसायचं फडकं तिथेच टाकून स्वयंपाकघरात गेले. बरण्या सरकवल्या, निळा डबा काढला. महिनोन्‌महिने न बदललेल्या तांदळात मला खरं तर किडे सापडायला हवे होते. वाटीत बुटका, स्वच्छ आंबेमोहोर होता, झाकण काढल्याबरोबर वास आला. अन्नपूर्णेच्या कपाळावर कुंकू होतं. शुक्रवारी दुपारी मी ऑर्डरी पोचवायला गाडी घेऊन बाहेर पडते. त्या वेळात हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात येऊन, बरण्या हलवून, आईंसारखे तांदूळ बदलत होता, आणि उतरलेले तांदूळ शनिवारी सकाळी अर्घ्याबरोबर कबुतरांना घालत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बरणी कोण संपवतंय म्हणून मी घरभर चौकशा करत फिरत होते.

बाहेर आले तेव्हा ते अजून तसेच बसलेले होते. मला काही विचारावंच लागलं नाही.

"ही रोज तासभर त्यांच्यासमोर बसायची," ते म्हणाले. "मागून मला तिची पाठ दिसायची, पेपर वाचताना. सगळे देव जिथल्या तिथे आणि पुढचा पाट रिकामा, ते मला बघवेना. सूर्याच्या पुढ्यात ही कधी बसली नव्हती. त्याच्याकडे बघता येतं."

दोन वर्षं आम्ही त्यांना सुधारक समजत होतो. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि रडले, चांगली दणकून रडले. त्यांनी ते रिकामं फडकं माझ्यापुढे सरकवलं, डोळे पुसायला. मग बांधलेल्या पुरचुंड्या एकेक करून पुन्हा डब्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि डबा उचलून कपाटावर ठेवून आले.

"वजन फार होतंय," म्हणाले. "तीस किलोच्या वर जाईल. एअरपोर्टवर कटकट नको."

तो डबा दोन-अडीच किलोचाही नसेल, आणि बॅगेत चार शर्ट होते. मी म्हटलं, हो बाबा, उगाच कटकट नको. नवरा घरी आल्यावर त्यालाही तसंच सांगितलं. त्याने डबा बघितला, बॅग बघितली आणि यावेळी छताकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाने बाबा गेले. निघताना मी विचारलं, तिला बाहेर फळीवर मांडू का? म्हणाले, राहू दे तिथेच. तिला स्वयंपाकघर आवडतं. पुढच्या गणपतीचं बघू, इन्शाल्ला. हा शब्द त्यांनी पार्कातल्या मित्राकडून उचललाय आणि तो वापरला की हो म्हणालेत की नाही म्हणालेत ते कुणाला कळत नाही. मी मात्र हो धरून चालले आहे, चपलांचा रॅकसुद्धा बघून ठेवलाय.

त्या शुक्रवारी दुपारी मी एकही ऑर्डर घेतली नाही. लेकीला हाक मारली, निळा डबा तिच्या पुढ्यात उघडला आणि ही तुझी आहे म्हणून सांगितलं. तिने विचारलं, "सिन्स व्हेन?" मी म्हटलं, तुझ्या आजीच्या आईपासून. तिने स्वतः मूठभर आंबेमोहोर घातला, थोडा सांडलाही. उतरलेले तांदूळ मी वाटीत काढून ठेवले.

शनिवारी सकाळी सूर्य टॉवरच्या कडेवर यायची आम्ही दोघींनी वाट बघितली. तांब्या नव्हता, अर्घ्य मला येत नाही. नुसते तांदूळ ठेवले कठड्यावर. जरा वेळाने बाबांचा पुण्याहून फोन आला. काल विमान वेळेवर पोचलं, पुण्यात थंडी आहे, फ्लॅटमध्ये धूळ बसलीय, असं सगळं बोलून झालं. मग विचारलं,

"कबुतरं आली होती का?"

"आली होती, बाबा," मी म्हटलं. "नातूरही येऊन गेला."

 पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मग माझे सासरे म्हणाले, "पुढच्या शनिवारी त्याला चकली दे."